मागच्या उड्डाणाची रेघ आजच्या नकाशावर: ड्रोनच्या ॲपमध्ये जुने मार्ग कसे दाखवायचे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात उसाच्या रानांवर मी ड्रोन उडवायला लागलो त्याला आता बरेच दिवस झाले. सुरुवातीचं काम साधं होतं. त्याच रानाचे तेच फोटो दर महिन्याला काढायचे, म्हणजे पाणी कुठं साचतंय, ऊस कुठं पिवळा पडतोय हे दोन फोटो शेजारी ठेवून कळतं. तिसऱ्या फेरीला रानमालक तात्या बांधावर उभे राहून मोबाइलमधला जुना फोटो दाखवत म्हणाले, "मागल्या बारीला ह्यो कोपरा आलाय बघा. ह्या बारीला कुठं गेला? तवा कुठनं गेलतं तुमचं इमान?" मी म्हणालो, "थांबा तात्या, बघून सांगतो." ॲप उघडलं तर नकाशावर आजची रेघ होती, मागच्या महिन्याची नव्हती.

जुनी रेघ आजच्या नकाशाखाली अंथरता येते, पण बहुतेक ॲपमध्ये त्याचं तयार बटण नसतं. लॉग (ड्रोनच्या उड्डाणाची आपोआप साठणारी नोंद) काढायचा, वाचता येईल असा करायचा, साफ करायचा आणि लेयर म्हणजे नकाशावरचा वेगळा थर म्हणून चढवायचा, एवढी वाट आहे. ही वाट सापडायला माझा एक अख्खा हंगाम गेला. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून चुकांसकट सगळं लिहितो.

१. रेघ कशासाठी हवी ते आधी ठरवा

पुढची बरीच कामं यावर ठरतात. मला चार कारणांसाठी ती लागते. पहिलं, त्याच रानावर पुन्हा त्याच मार्गानं जाणं. दुसरं, बॅटरी बदलल्यावर कुठली पट्टी राहिली ते बघणं. तिसरं, नव्या जागी आधी सुखरूप गेलेली वाट माहीत असणं. चौथं, ड्रोन हरवलं तर शेवटचा ठिपका शोधणं.

पहिल्या दोन कामांना रेघ नीट साफ केलेली लागते. चौथ्याला साफसफाई अजिबात नको, कच्चा लॉगच हवा. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी त्यावर परत येतो.

२. तुमचं ॲप काय करू देतं ते बघा

डीजेआय फ्लाय (डीजेआय कंपनीच्या ड्रोनचं ॲप): सुरू असलेल्या उड्डाणाची रेघ नकाशावर दिसते. जुनी उड्डाणं प्रोफाइलमधल्या नोंदींत असतात, एकेक उघडून पुन्हा चालवून बघता येतात. मात्र बाहेरची केएमएल फाइल (नकाशावरच्या रेघा-ठिपके साठवणारी फाइल) उडवण्याच्या नकाशावर लेयर म्हणून घालता येत नाही. सेटिंगमध्ये कुठं तरी असेल म्हणून मी कितीतरी वेळ शोधत बसलो होतो. तुम्ही बसू नका, यासाठी दुसरा फोन वापरायचा आहे. त्याची रीत पायरी ८ मध्ये सांगतो.

मिशन प्लॅनर (संगणकावरचं): आर्डूपायलट या उड्डाणाच्या सॉफ्टवेअरवर चालणारं ड्रोन असेल तर हे सगळ्यात सोयीचं. केएमएल थेट नकाशावर येते. जुळवलेली किंवा शेतीकामाची ड्रोन वापरणाऱ्यांनी हेच शिकावं.

लिची: ज्या ड्रोनना हे चालतं त्यांच्यासाठी जुनी रेघ एक मिशन (ड्रोननं आपोआप उडायचा आखलेला मार्ग) म्हणून नकाशावर आणता येते. आडवाट आहे, पण उपयोगी आहे.

क्यूग्राउंडकंट्रोल आणि डीजेआय पायलट २: केएमएलमधून सर्वेक्षणाची हद्द किंवा मार्ग आत घेता येतो. नुसती रेघ बघण्यापेक्षा तेच क्षेत्र पुन्हा आखून उडवायचं असेल तर यांचा उपयोग जास्त.

३. सामान आणि कागदपत्रं

- लॉग ज्यात साठतो तो फोन, किंवा पडदा असलेला रिमोट
- डेटा वाहून नेणारी यूएसबी केबल (फक्त चार्जिंगची केबल घेऊन तासभर झगडणारे मी बघितलेत)
- एक संगणक, त्यावर क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) आणि गूगल अर्थ प्रो. दोन्ही फुकट आहेत
- दुसरा फोन, जुना चालेल
- ड्रोनचा यूआयएन (सरकारी नोंदणी क्रमांक), आणि तुमच्या ड्रोनला व कामाला लागत असेल तर रिमोट पायलट प्रमाणपत्र
- रानाचा गट नंबर आणि मालकाचा होकार

परवानगीबद्दल इथंच सांगतो. जुनी रेघ नकाशावर दिसली की मन निर्धास्त होतं, आणि चूक तिथंच होते. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे प्रत्येक उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-वेबसाइटवर त्या जागेचे निर्बंध बघणं तुमच्यावर बंधनकारक आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत यलो किंवा रेड झोन असू शकतो, तो नकाशावर बघा. यलोमध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, रेड म्हणजे ड्रोनबंदीचा भाग, ग्रीन म्हणजे मोकळा. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत ग्रीन, त्याच्या वर यलो. त्यापलीकडे ग्रीन झोनची मर्यादा ४०० फूट म्हणजे १२० मीटर. आपलं विमानतळ उजळाईवाडीला आहे, त्यामुळे कोल्हापूर शहराचा मोठा भाग या वर्तुळांत येतो. मोठी यात्रा, दौरा किंवा पूर असेल तर कालपर्यंत मोकळी असलेली जागा तात्पुरती रेड झोन होऊ शकते. पन्हाळा तर संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहे. तिथं कुणाच्या जुन्या उड्डाणाची रेघ मिळाली म्हणून परवानगीशिवाय ड्रोन वर काढू नका.

४. लॉग बाहेर काढा

डीजेआय फ्लाय प्रत्येक उड्डाणाची एक टीएक्सटी फाइल ठेवतं. फाइलच्या नावातच तारीख आणि वेळ असते. अँड्रॉइडवर ती अँड्रॉइड, डेटा, डीजेआय डॉट गो डॉट व्ही५, फाइल्स, फ्लाइट रेकॉर्ड अशा एकात एक फोल्डरांत असते. आयफोनवर फाइल्स ॲपमध्ये डीजेआय फ्लायच्या फोल्डरात सापडते. पडदा असलेल्या रिमोटवर उडवत असाल तर लॉग रिमोटमध्ये असतो. फोनमध्ये शोधून काही मिळणार नाही.

अँड्रॉइड ११ पासून पुढं फोनमधली फाइल मॅनेजर ॲप त्या डेटा फोल्डरात शिरू देत नाहीत. फोल्डर रिकामा दिसला म्हणून लॉग उडाला असं समजू नका. फोन केबलनं संगणकाला जोडा, फाइल ट्रान्सफर निवडा, तिथून फोल्डर उघडतो.

आणखी एक, आणि हे मी किंमत मोजून शिकलो: ॲप काढून टाकलं की तो फोल्डरही जातो. ॲप अडखळत होतं म्हणून मी ते काढून पुन्हा घातलं, आणि पावसाळ्याआधीच्या सगळ्या उड्डाणांचे लॉग गेले. त्या रानांची पुराआधीची रेघ माझ्याकडे आज नाही. ॲपला हात लावायच्या आधी लॉग संगणकावर घ्या.

आर्डूपायलटवाल्यांचं काम सोपं. फ्लाइट कंट्रोलरच्या कार्डावर बिन फाइल असते, शिवाय टेलिमेट्री (ड्रोनकडून संगणकाला रेडिओनं येणारी माहिती) जोडलेली असेल तर मिशन प्लॅनर आपणहून टीलॉग लिहून ठेवतं. तो संगणकाच्या डॉक्युमेंट्समध्ये मिशन प्लॅनरच्या लॉग्स फोल्डरात मिळतो.

५. लॉग वाचता येईल अशा रूपात आणा

डीजेआयची फाइल टीएक्सटी म्हटली तरी नोटपॅडमध्ये उघडून काही कळत नाही. नवे लॉग कुलूपबंद असतात. एअरडेटा किंवा फँटमहेल्पचा लॉग व्ह्यूअर अशा वेबसाइटवर फाइल चढवली की ती उलगडून सीएसव्ही किंवा केएमएल देते. केएमएल म्हणजे तयार रेघ, सीएसव्ही म्हणजे प्रत्येक क्षणाच्या नोंदींचा तक्ता. मी दोन्ही उतरवून घेतो, पण काम सीएसव्हीवर करतो, कारण साफसफाई तिथं हातात राहते.

चढवण्याआधी एक विचार करा. लॉगमध्ये तुम्ही कुठं उभे होता, ड्रोनचा अनुक्रमांक काय, घराच्या गच्चीवरून केलेली चाचणी कुठली, हे सगळं असतं. उड्डाण सार्वजनिक दिसेल अशी सेटिंग चालू नाही ना ते बघा. दुसऱ्याच्या रानाचा लॉग असेल तर मालकाला विचारा.

मिशन प्लॅनरमध्ये बाहेर कुठं जायची गरज नाही. डेटाच्या पडद्यावर टेलिमेट्री लॉग्स किंवा डेटाफ्लॅश लॉग्स हा टॅब उघडा, क्रिएट केएमएल अँड जीपीएक्सचं बटण दाबा, मूळ लॉगच्या शेजारी नवी फाइल तयार होते.

६. रेघ साफ करा

घाईत ही पायरी सोडली की पुढं सगळं बिघडतं, म्हणून इथं सावकाश चला.

पहिले ठिपके. ड्रोन चालू केल्यावर जीपीएस पकडायला थोडा वेळ लागतो. तोवरच्या ओळींत अक्षांश शून्य, रेखांश शून्य असं लिहिलेलं असू शकतं. त्या ओळी तशाच राहिल्या तर रेघ आफ्रिकेच्या पश्चिमेच्या समुद्रातून निघून शिरोळात येते, आणि नकाशा उघडला की अर्धं जग दिसतं, तुमचं रान दिसत नाही. सीएसव्ही उघडा, शून्याच्या सगळ्या ओळी काढा.

आकड्यांचा क्रम. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, केएमएलमध्ये रेखांश आधी येतो. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर, ७४.२ पूर्व. हे उलटं पडलं की रेघ नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात उमटते. क्यूजीआयएसमध्ये सीएसव्ही घेताना एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश, आणि निर्देशांक पद्धत ईपीएसजी ४३२६, म्हणजे नेहमीच्या अक्षांश-रेखांशांची.

ठिपक्यांची रेघ. क्यूजीआयएसमध्ये पॉइंट्स टू पाथ नावाचं साधन आहे. त्याला क्रम कशावर लावायचा ते सांगावं लागतं, वेळेचा रकाना द्या. तो रकाना आकडा म्हणून आला आहे की मजकूर म्हणून, ते आधी तपासा. मजकूर असेल तर १००० हा २०० च्या आधी लागतो आणि रेघेचा गुंता होतो. माझी पहिली रेघ अशीच झाली होती, आणि मला वाटलं जीपीएसच खराब आहे.

दोन बॅटऱ्या, दोन रेघा. एका रानावर दोन बॅटऱ्या लागल्या तर लॉगही दोन होतात. ते एका तक्त्यात जोडताना उड्डाण क्रमांकाचा वेगळा रकाना घाला आणि पॉइंट्स टू पाथमध्ये गट म्हणून तो द्या. नाही तर पहिलं उड्डाण जिथं संपलं तिथून दुसरं जिथं सुरू झालं तिथपर्यंत एक सरळ खोटी रेघ पडते, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही ती खरी समजता.

वजन कमी करा. तक्त्यात सेकंदाला दहा नोंदी असतील तर २० मिनिटांच्या उड्डाणाचे १२,००० ठिपके होतात. फोनला एवढं ओझं झेपत नाही. सिम्प्लिफाय या साधनानं ते कमी होतं. पण इथं मोठा सापळा आहे. रेघ अजून ईपीएसजी ४३२६ मध्ये असेल तर सवलतीचा (टॉलरन्स, म्हणजे रेघ किती सरकलेली चालेल त्याचा) आकडा अंशांत धरला जातो. तुम्ही एक मीटर समजून १ लिहिता, क्यूजीआयएस एक अंश समजतं, आणि एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. अख्खं उड्डाण एका सरळ काडीत संपतं. म्हणून आधी रेघ ईपीएसजी ३२६४३ मध्ये न्या. हा आपल्या भागाचा, यूटीएम ४३ उत्तर पट्ट्याचा क्रमांक, आणि त्यात अंतर मीटरमध्ये मोजतात. मग १ मीटर सवलत देऊन सिम्प्लिफाय करा. सरळ पट्ट्यांचं उड्डाण असेल तर हजारो ठिपक्यांचे मोजके उरतात आणि रेघ डोळ्यांना तशीच दिसते. शेवटी केएमएल म्हणून बाहेर काढताना पुन्हा ४३२६.

७. उंची: इथं दोनदा विचार करा

लॉगमधली नेहमीची उंची ही ड्रोन जिथून उडालं त्या जागेपासूनची असते, खालच्या जमिनीपासूनची नसते. सपाट रानात फरक जाणवत नाही. पण आपल्याकडे माळ आणि मळी शेजारी शेजारी असतात. समजा, मागच्या महिन्यात तुम्ही माळावरून ४० मीटरवर उडवलं. या महिन्यात रस्ता चिखलाचा म्हणून १५ मीटर खालच्या मळीतून उडवलं, आणि जुन्या रेघेवर ४० लिहिलंय म्हणून ४० च ठेवलं. आता माळावर आलं की ड्रोन जमिनीपासून २५ मीटरवर आहे. माळावरच्या तारा, नारळ, मोबाइलचा मनोरा यांच्याशी असलेलं अंतर तुम्हाला न कळता कमी झालं. पश्चिमेकडं, गगनबावडा, राधानगरी, भुदरगडच्या डोंगरात हाच फरक कितीतरी मोठा होतो.

म्हणून मी दोन गोष्टी करतो. केएमएलमध्ये रेघ क्लॅम्प्ड टू ग्राउंड, म्हणजे जमिनीला चिकटलेली ठेवतो. गूगल अर्थ प्रोमध्ये रेघेच्या प्रॉपर्टीजमधल्या अल्टिट्यूड टॅबमध्ये हे बदलता येतं. वरून बघायच्या नकाशाला उंचीची गरज नाही, आणि चुकीची उंची दाखवण्यापेक्षा न दाखवलेली बरी. दुसरं, उडण्याच्या जागेचा वेगळा ठिपका घालतो आणि त्याच्या नावातच लिहितो: "विहिरीच्या कट्ट्यावरून, ४० मीटर". पुढच्या वेळी त्याच कट्ट्यावरून उडवलं तर उंची जुळते आणि फोटोही त्याच मापाचे येतात.

फूट आणि मीटर यांचीही गल्लत होते. एअरडेटाच्या सीएसव्हीत उंची फुटांत येऊ शकते, रकान्याच्या नावात एकक लिहिलेलं असतं, ते वाचा. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर आपली वेळ त्यापुढं साडेपाच तास.

८. ॲपमध्ये चढवा

आधी रंग. उसाच्या हिरव्यावर हिरवी किंवा निळी रेघ उन्हात दिसत नाही. पिवळी किंवा केशरी, तीन-चार जाडीची ठेवा. सगळ्यात ताजी रेघ गडद, जुन्या फिकट. फाइल हातानं बदलत असाल तर केएमएलमधला रंगाचा क्रम उलटा असतो: आधी पारदर्शकता, मग निळा, मग हिरवा, शेवटी लाल. लाल हवा म्हणून लिहिलं आणि निळा आला, तर कारण हेच.

मिशन प्लॅनरमध्ये: प्लॅनच्या पडद्यावर नकाशावर राइट क्लिक करा, फाइल लोड-सेव्हमध्ये लोड केएमएल फाइल निवडा. ते विचारतं की ही रेघ उड्डाणाच्या पडद्यावरही हवी का. हो म्हणा, त्यासाठीच तर सगळं केलं. आता जुनी रेघ आणि चालू ड्रोनची रेघ एकाच नकाशावर दिसतात. चालू रेघेची गर्दी झाली तर क्लिअर ट्रॅकचं बटण आहे. रानात नेट नसतं, त्यामुळे घरून निघण्याआधीच राइट क्लिक, मॅप टूल, प्रीफेच करून त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा.

लिचीमध्ये: मिशन हब या त्याच्या वेबसाइटवर सीएसव्ही किंवा केएमएल आत घेता येते. मिशनमध्ये ९९ ठिपक्यांची मर्यादा आहे, म्हणून सिम्प्लिफायची सवलत वाढवत ठिपके त्याच्या खाली आणा. ते मिशन उघडलं की जुनी वाट नकाशावर दिसते आणि तुम्ही हातानं तिच्या शेजारून उडवू शकता. पण ती खरी मिशन आहे हे विसरू नका. चुकून सुरू केली तर ड्रोन स्वतःहून त्या वाटेनं निघेल, आणि आत आलेल्या उंच्या तुम्ही तपासलेल्या नसतील. मी नावापुढं "फक्त बघायला" असं लिहितो आणि तरीही सगळ्या ठिपक्यांची उंची सुरक्षित आकड्यावर नेऊन ठेवतो.

डीजेआय फ्लायवाल्यांसाठी: रेघ दुसऱ्या फोनवर. तीन सोयी आहेत. गूगल अर्थचं मोबाइल ॲप केएमएल उघडतं. गूगल माय मॅप्समध्ये केएमएल चढवून तो नकाशा फोनवर बघता येतो. तिथं फाइल ५ एमबीच्या आत लागते आणि एका नकाशात १० लेयर बसतात, म्हणजे दहा महिन्यांच्या फेऱ्या एकाच नकाशात. मात्र त्याला नेट लागतं. नेट नसलेल्या रानासाठी ऑस्मअँड हे नकाशाचं ॲप घ्या आणि रेघ जीपीएक्स (केएमएलसारखीच रेघेची दुसरी फाइल) रूपात द्या. गावाचा नकाशा आधी उतरवून ठेवला की बिननेटचं चालतं.

दुसऱ्या फोनवर निळा ठिपका दिसतो तो तुमचा, ड्रोनचा नाही. नवख्या सोबत्याची यात हमखास फसगत होते. आमच्याकडे चुलत भाऊ तो फोन घेऊन माझ्या शेजारी उभा असतो. मी डीजेआय फ्लायच्या नकाशावर ड्रोन कुठंय ते बोलतो, तो जुन्या रेघेवर बघून सांगतो, "दादा, डीपीच्या अलीकडनं वळलेलं, तू पुढं गेलास." खुणा दोघांनाही माहीत असलेल्या लागतात: डीपी, विहीर, पाणंद, आंब्याचं झाड. या खुणांचे ठिपके केएमएलमध्ये आधीच घाला. असा सोबती मिळत नसेल तर उडवता उडवता दुसऱ्या फोनकडे बघू नका, ड्रोन जागेवर थांबवा, बघा, मग पुढं जा.

९. रानात पहिली परीक्षा

रेघ घरच्या पडद्यावर सुंदर दिसते, रानात थोडी सरकलेली असते. साध्या जीपीएसची चूक दोन-तीन मीटर धरा, शिवाय उपग्रहाचं चित्र स्वतःच काही मीटर सरकलेलं असू शकतं. आरटीके (जास्त अचूक जीपीएस) असलेल्या ड्रोनची गोष्ट वेगळी, तिथं सेंटीमीटरची भाषा चालते. आपल्याकडे उसाच्या दोन सऱ्यांत चार-पाच फुटांचं अंतर असतं, म्हणजे कुठल्या सरीवरून गेलं ते ही रेघ सांगू शकत नाही. कुठल्या पट्टीवरून गेलं तेवढं सांगते, आणि फोटोंसाठी तेवढं पुरतं.

सरकलेलं किती आहे ते बघायला एक सोपी रीत. विहिरीच्या कट्ट्याच्या एका ठरलेल्या कोपऱ्यावर ड्रोन ठेवून उडवा आणि तिथंच उतरवा. नकाशावर रेघेचं टोक त्या कोपऱ्यापासून किती लांब पडलं ते मोजा. दोन-तीन वेगळ्या दिवशी करा. फरक दर वेळी त्याच दिशेला असेल तर चित्र सरकलेलं आहे, वेगवेगळ्या दिशांना असेल तर जीपीएसची चूक आहे.

तारांच्या बाबतीत या रेघेवर विसंबू नका. आपल्या रानांत मोटारींच्या वायरी, नव्या जोडण्या, तात्पुरते खांब महिन्याभरात बदलतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर नदीकाठच्या कितीतरी जागांची ओळखच बदलली होती. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे गेली असेल, तर त्या काठाची आधीची सगळी रेघ मी जुनी धरतो आणि पाणी ओसरल्यावर आधी रान चालून बघतो.

१०. त्याच संध्याकाळी नोंद

उड्डाण झालं की त्याच दिवशी लॉग काढा. फाइलचं नाव एकाच पद्धतीनं ठेवा: गाव, गट नंबर, वर्ष, महिना, दिवस, कितवी बॅटरी. वर्ष आधी ठेवलं की फाइली आपोआप क्रमानं लागतात. कच्चा लॉग, साफ केलेली सीएसव्ही आणि केएमएल अशा तीन जागा करा. कच्च्या लॉगला कधी हात लावायचा नाही. एक प्रत फोन-संगणकाबाहेर, पेनड्राइव्हवर.

नकाशावर एका वेळी दोनच रेघा चालू ठेवा, फार तर तीन. मी एकदा आठ महिन्यांच्या आठही दाखवल्या, तर रान दिसेनासं झालं.

११. ड्रोन उसात पडलं तर

आडसाली ऊस उभा असताना माझं ड्रोन एकदा सिग्नल तुटून आत गेलं. माणसाच्या डोक्यावरून ऊस, दहा पावलांवरचं दिसत नाही. त्या दिवशी कच्चा लॉगच कामी आला.

शेवटचा ठिपका काढा, पण ड्रोन नेमकं तिथंच असेल असं धरू नका. फोनमधला लॉग संपर्क तुटला त्या क्षणी थांबतो, ड्रोन त्यानंतरही उडत असू शकतं. शेवटच्या पाच-सहा सेकंदांतली दिशा, वेग, उंची आणि बॅटरी बघा. उंची झपाट्यानं कमी होत असेल तर ते जवळच पडलंय. उंची आणि बॅटरी ठीक असेल तर ते परत घरच्या ठिपक्याकडे (जिथून उडालं तिथं) निघालं असेल, म्हणून त्या दोन ठिपक्यांमधली सरळ पट्टी शोधा. माझं शेवटच्या ठिपक्यापासून तीसेक पावलांवर, घरच्या ठिपक्याच्या दिशेला मिळालं.

शेवटचा ठिपका दुसऱ्या फोनवर ऑस्मअँडमध्ये घाला, म्हणजे उसात शिरल्यावर नेट नसलं तरी तुमचा निळा ठिपका आणि तो, दोन्ही दिसतात. इथं मात्र निळा ठिपका तुमचा असणंच सोयीचं. आत जाण्याआधी रानमालकाला फोन करा, ऊस मोडत आत शिरलेला माणूस कुणालाच आवडत नाही. पायात गमबूट, हातात काठी, आणि एकटे जाऊ नका, पाचटात साप असतात. सरीनं चला, सरी ओलांडू नका. ड्रोन मिळालं की आधी बॅटरी काढा. ती फुगली असेल किंवा गरम असेल तर वाळल्या पाचटावर ठेवू नका, बांधावरच्या मोकळ्या मातीवर ठेवा आणि थंड होईपर्यंत तिथंच थांबा.